अतसी, अळशी आणि आठव

बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात एक छोटे सूत्र केवळ दोन शब्दांसाठी राखून ठेवले आहे. अतसी आणि सातवाहन या शब्दांतल्या ‘त’चा ‘ल’ होतो, एवढेच ते सूत्र सांगते. सातवाहनाचा सालाहण झाला, सालवाहण झाला, आणि पुढे संस्कृताचा साज चढवून तोच शालिवाहन म्हणून आपल्या पंचांगात येऊन बसला. अतसीची अलसी झाली आणि मराठीने त्या ‘ल’चा ‘ळ’ करून तिला अळशी म्हटले. महाराष्ट्रावर राज्य करणारा राजवंश आणि हाताच्या पंजात मावणारी तपकिरी, गुळगुळीत बी यांच्या उच्चाराचा इतिहास वैयाकरणाने एकाच ओळीत बांधला, याचे मला फार अप्रूप वाटते.

अळशीचे कूळ मोठे आहे. अमरकोशाने अतसीला दोन पर्याय दिले आहेत, उमा आणि क्षुमा. क्षुमेच्या धाग्याचे वस्त्र ते क्षौम. आज ज्याला आपण लिनन म्हणून चढ्या भावाने विकत घेतो, तेच हे कापड. उमा हे पार्वतीचेही नाव. विष्णूच्या श्यामल कांतीला अतसीच्या फुलाची उपमा देण्याची जुनी रीत आहे, आणि रब्बीत अळशीचे निळे शेत पाहिलेल्या माणसाला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने इथल्या तेलबियांत तीळ आणि अळशीची नोंद घेतली आहे. नंतर भुईमूग आला, कापूस वाढला, केळी वाढली, सोयाबीन आले, आणि अळशी बांधाकडे सरकत गेली. चटणीपुरती ती टिकली.

तिचे दुसरे नाव जवस. हे रूप संस्कृत ‘यवस’शी अक्षरशः जुळते, कारण यकाराने सुरू होणाऱ्या शब्दांत मराठी ‘ज’ आणते: यव-जव, यंत्र-जाते, युग-जू. पण यवस म्हणजे वेदांपासून गुरांचा चारा, कुरणातले गवत. चाऱ्याचे नाव तेलबीला कसे मिळाले याचा दुवा मला सापडलेला नाही, तरी चाऱ्याची ही गोष्ट इथेच धरून ठेवावी असे वाटते. ज्या विषयासाठी हा लेख लिहायला घेतला, तो विषय जगापुढे पहिल्यांदा चाऱ्यातूनच आला.

१९४० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांच्या कळपांत विचित्र संकट आले. मेंढ्या धष्टपुष्ट होत्या, कुरणे हिरवीगार होती, पण मेंढ्या गाभण राहीनात. राहिल्या तर विताना अडायच्या. त्या कुरणांत भूमध्य समुद्राकडून आणलेली एक क्लोव्हर पेरलेली होती. आपल्याकडच्या बरसीमची ती चुलतबहीण, शेंगा जमिनीत खुपसून ठेवणारी. बेनेट्स, अंडरवूड आणि शीअर या तिघांनी १९४६ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पाल्यात इस्ट्रोजेनसारखे वागणारे द्रव्य होते. वनस्पतीतही असे काही असते, आणि ते खाणाऱ्या प्राण्याच्या देहात ढवळाढवळ करू शकते, हे तेव्हापासून पशुवैद्यांच्या डोक्यात पक्के बसले.

इस्ट्रोजेन या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘ओइस्ट्रॉस’ आहे, म्हणजे गुरांना चावून बेभान पळवणारी गोमाशी. ग्रीक पुराणात आयो नावाची कन्या गाय होते आणि अशीच एक माशी तिला देशोदेशी पळवते. त्या बेभानपणावरून मादीच्या फळण्याच्या काळाला १९०० साली वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने इस्ट्रस म्हटले. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून या गटातले पहिले संप्रेरक शुद्ध रूपात काढले. इस्ट्रस आणणारे ते इस्ट्रोजेन. आपल्या गोठ्यात याला सरळ शब्द आहे: माज. गाय माजावर आली म्हणतात ती हीच अवस्था. संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ, मराठी माजणे. अद्यचे आज झाले, विद्युतची वीज झाली, त्याच वाटेने हा शब्द आला. म्हणजे इस्ट्रोजेनचे मराठी शब्दशः करायचे तर ‘माजकर’ म्हणावे लागेल. हे नाव रुजावे असे मी म्हणत नाही. मात्र ते एकदा उच्चारून पाहिले की ध्यानात येते, या संप्रेरकाला त्याचे नाव देहातल्या एकाच कामावरून मिळाले. त्याची बाकीची कामे, हाडांतली, रक्तवाहिन्यांतली, मेंदूतली, नावात कुठेच नाहीत.

आणि पालेभाजी, डाळ, चटणी यांच्यापुढे जेव्हा ‘वनस्पती इस्ट्रोजेन’ असे लिहिले जाते, तेव्हा हे अर्धे नाव दुप्पट घोटाळा करते. पुरुष घाबरतात. रजोनिवृत्ती झालेल्या बायकांना कोणी सांगते की हे औषधच आहे, खा. वस्तुतः ही द्रव्ये इस्ट्रोजेन नव्हेत. त्यांच्या रेणूचा आकार इस्ट्रोजेनशी इतपत मिळता आहे की पेशीतल्या त्याच ग्राहकावर ती बसू शकतात, पण त्यांची पकड सहसा पुष्कळ दुबळी असते, आणि कधी ती इस्ट्रोजेनसारखे काम करतात तर कधी त्याची जागा अडवून उलटे. मराठीत ‘इस्ट्रोजेनसदृश’ म्हणावे. तो ‘सदृश’ गाळला की पुढचे सगळे चुकते.

या द्रव्यांची मुख्य कुळे दोन. सोयाबीन, हरभरा अशा द्विदल धान्यांत आयसोफ्लाव्होन असतात. अळशी आणि तिळात लिग्नान असतात. लॅटिन ‘लिग्नम’ म्हणजे लाकूड, त्यावरून हे नाव. सोयाबीन आपल्याकडे नवे. त्याचे नावही जपानी ‘शोयू’चे, डच व्यापाऱ्यांच्या तोंडून घासून आलेले. हरभरा मात्र घरचा. शेवभाजी, पाटोडी, डुबुकवड्या, फुनके, खानदेशातल्या अर्ध्या स्वयंपाकात बेसन नाहीतर हरभऱ्याची डाळ आहे. १९४० च्या दशकात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी, म्हणजे कडुनिंबाच्या रसायनांवर काम करून नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी, हरभऱ्याच्या कोंबातून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांना बायोचॅनिन म्हटले. या नावाच्या पोटात मला ‘चणा’ ऐकू येतो. संस्कृत चणक, आपला चणा, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत उच्चारला जाणारा बायोचॅनिन-ए. ऑस्ट्रेलियातल्या त्या क्लोव्हरमध्येही हेच द्रव्य आहे. घाबरण्याचे कारण नाही. हरभऱ्यात ते फार थोडे असते, आणि सोयाबीनच्या तुलनेत आपल्या सगळ्याच डाळी या बाबतीत गरीब आहेत.

इक्वॉल या शब्दाची कथा मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते. १९३२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रातून मॅरियन आणि हॅझलवूड यांनी एक द्रव्य काढले आणि लॅटिन ‘एक्वुस’वरून, म्हणजे घोड्यावरून, त्याला इक्वॉल म्हटले. पुढे कळले की मेंढ्यांना वांझ करणाऱ्या गोष्टीचा शेवटचा टप्पा हाच: पाल्यातले द्रव्य मेंढीच्या पोटातले जिवाणू बदलत बदलत इक्वॉलपर्यंत नेतात. माणसाच्या आतड्यातही हे घडते, पण सगळ्यांच्या नाही. सोयाबीन खाल्ल्यावर पाश्चात्त्य देशांत साधारण चारांतल्या एकाच्या पोटात इक्वॉल बनते, जपानसारख्या देशांत निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांच्या. आता एक्वुस आणि आपला अश्व हे सख्खे भाऊ. ग्रीकमधला ‘हिप्पोस’ हा तिसरा. आणि मेंदूत आठवणी घडवणारा जो भाग आहे त्याचे नाव हिप्पोकॅम्पस. अरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५८७ मध्ये त्याच्या वळणदार आकारावरून दिलेले, म्हणजे समुद्रघोडा. हिप्पोकॅम्पसमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत. १९९६ मध्ये त्यांतला दुसरा प्रकार, बीटा, सापडला, आणि वनस्पतीतली ही द्रव्ये त्याच बीटा ग्राहकावर अधिक चांगली बसतात असे पुढे दिसले. स्मरणशक्तीचा आणि डाळी-तेलबियांचा संबंध शोधण्याची उमेद इथून आली. घोड्याच्या नावाचे द्रव्य आणि घोड्याच्या नावाचा मेंदूचा कोपरा, हा शब्दांतला योगायोग आहे. शास्त्राने तो पुरावा मानलेला नाही, आपणही मानू नये.

तिळाकडे येऊ. तिल, त्यापासून तैल, त्याचे तेल. तिळाचे ते तेल, एवढाच मूळ अर्थ. मग शेंगदाण्याचेही तेल, सरकीचेही तेल, आणि शेवटी दगडातून निघालेलेही तेलच. एका बीने सगळ्या स्निग्ध द्रवांना आपले नाव दिले. चाळीसगावजवळच्या पाटण्याला जो शिलालेख आहे, शके ११२८ चा, तो या शब्दाचा खानदेशातला फार जुना आणि हृद्य साक्षीदार. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला. निकुंभ वंशाच्या राजांनी त्याला दाने दिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटी, लोकांनी काय द्यायचे हे सांगताना, तो मराठीत येतो. गावात जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला, असे त्यात आहे. घाणा, पळी, तेल: तिन्ही शब्द आजही चालू. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. ग्रंथ विस्मरणात जाऊ नये म्हणून उभारलेली संस्था, आणि तिच्या दिव्याला तेल्याच्या घाण्यातले पळीभर तेल. स्मृती आणि तेल यांचा एवढा लिखित संबंध तरी खानदेशात आहे.

तीळ पितरांच्या आठवणीचाही. तर्पणात तीळ आणि पाणी ओंजळीने सोडतात, ती तिलांजली. खानदेशात आखाजीला पितरांसाठी घागर भरतात. अक्षय्य तृतीयेच्या ‘अक्षय’मधल्या ‘क्ष’चा ‘ख’ होऊन हा लाडका शब्द आला. पण ‘तिलांजली देणे’ या वाक्प्रचाराचा आज अर्थ काय? कायमचे सोडून देणे, विसरून जाणे. आठवण्याच्या विधीचे नाव विसरण्याच्या कृतीला चिकटले. भाषेत असे उलटे वळण क्वचितच इतके स्पष्ट दिसते.

विसरण्याच्या शब्दांकडे वळताना धुळ्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची अखेर १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. इतिहासाच्या कागदांइतकाच मराठी धातूंचा आणि नामांचा माग काढण्याचा त्यांना ध्यास होता. त्यांचे ते अपुरे काम कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादून कोशरूपात आणले आणि पुढे १९४६ मध्ये स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ दिला. राजवाड्यांच्या सगळ्या व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. तरी शब्दाला त्याचे गाव विचारायची सवय त्यांनी मराठीला लावली.

‘आठवणे’चा माग ‘आ’ आणि ‘स्था’पर्यंत नेतात. स्था म्हणजे उभे राहणे, असणे. स्थान-ठाण, स्थापणे-ठेवणे अशी त्याची मराठीतली प्रजा. आठवणे म्हणजे जवळ आणून उभे करणे. म्हणून ‘आठवण ठेव’ असे आपण म्हणतो तेव्हा एकाच धातूला दोनदा हाक मारतो. ‘विसरणे’ हे विस्मरति, प्राकृत वीसरइ. स्मृ धातूतला ‘म’ वाटेत गळाला. स्मरणाचा कणाच झिजला, तोही विसरण्याच्या शब्दात. अहिराणीने आणखी एक अक्षर सोडले: इसरनं. ‘ती इसरी गयी’ म्हणताना सुरुवातीचा ‘व’ही उरत नाही. आणि धुळ्या-अमळनेराकडे म्हातारे माणूस स्वतःविषयी म्हणते, “ध्यानमा नही ऱ्हायनं.” ध्यानात राहिले नाही. इथेही स्मरण म्हणजे एक जागा आहे, गोष्टी तिथे राहतात किंवा निघून जातात. विसरणाऱ्याने गुन्हा केला असा भाव या वाक्यात नाही, आणि मला ते वाक्य त्यामुळेच प्रिय आहे.

प्रमाण मराठीतले शब्द इतके दयाळू नाहीत. डिमेन्शियाला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. भ्रंश म्हणजे पडणे, ढळणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून मोह, त्यापुढे स्मृतीचा भ्रंश, आणि त्यातून बुद्धिनाश अशी साखळी आहे; तिथे हा शब्द नीतीचा आहे, आजाराचा नव्हे. तोच बुद्धिनाश लोकांच्या तोंडी ‘साठी बुद्धी नाठी’ झाला. षष्टीची साठी, नष्टची नाठी. अष्ट-आठ, मुष्टि-मूठ, दृष्टि-दीठ, मिष्ट-मीठ या नियमाने दोन्ही शब्दांतल्या ‘ष्ट’चा ‘ठ’ झाला आणि यमक आपोआप जुळले. संस्कृतात षष्टि आणि नष्टा यांचे यमक इतके नेमके बसत नाही. ध्वनिबदलाने एक म्हण जन्माला घातली, आणि यमक जुळले म्हणून ती खरी वाटू लागली. म्हातारा हा शब्दही पाहा. तो महत्तर, म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत महत्तर हे गावच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांचे मानाचे पद आहे, दान देताना राजा त्यांना साक्षी ठेवतो. त्याच महत्तराचा म्हातारा झाला आणि त्याला ‘चळ’ जोडून आपण म्हातारचळ शब्द घडवला.

या म्हणीचा तोटा मला खरा वाटतो. देशभर केलेल्या लासी-डॅड या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज सांगतो की साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना. उरलेल्या ९२ टक्क्यांहून अधिकांना नाही. साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही. पण म्हण आहे म्हणून घरातले स्वस्थ बसतात. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले असेल, आणि शाकाहारी घरांत ते अनेकदा कमी पडते. थायरॉइड मंदावली असेल. कानाला कमी ऐकू येत असेल. नवरा गेल्यावर मन खचले असेल. यांतले बरेचसे सुधारण्याजोगे असते. ‘वयच झालं’ या शब्दांनी ते सगळे झाकले जाते.

मग अळशी-तिळाचे, सोयाबीनचे काय? सरळ उत्तर असे की माणसांवरचे पुरावे एकमेकांशी भांडतात. हवाईतल्या साडेतीन हजारांहून अधिक जपानी वंशाच्या पुरुषांची २००० मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी उलटीच निघाली: मध्यम वयात आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, खाणाऱ्यांची म्हातारपणी बुद्धीची कामगिरी कमी दिसली. २००८ मध्ये जावा बेटावरच्या ७१९ वृद्धांत टोफूचा संबंध अधू स्मरणाशी आणि टेंपेचा चांगल्या स्मरणाशी लागला. टेंपे म्हणजे बुरशी लावून आंबवलेले सोयाबीन. तीन वर्षांनी त्याच संशोधकांच्या बोरोबुदूरच्या पाहणीत टोफूचा दोष दिसला नाही. तुलनेने कमी वयाच्या वृद्धांत दोन्ही पदार्थ बऱ्या स्मरणाशी जोडलेले होते, अधिक वयाच्यांत नव्हते. या पाहण्या सवयी पाहतात, कारण सिद्ध करत नाहीत. कारण शोधायचे तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. तसे कॅलिफोर्नियात ३५० रजोनिवृत्त स्त्रियांना अडीच वर्षे सोया प्रथिने किंवा दुधाची प्रथिने देऊन केले, आणि २०१२ मध्ये निकाल आला: एकूण बुद्धीत फरक नाही, चेहरे-चित्रे लक्षात ठेवण्यात थोडी सुधारणा. खऱ्या संप्रेरकाचा अनुभव तर याहून कडू आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ४५३२ स्त्रियांवरच्या चाचणीत ६५ नंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. वय किती असताना सुरू केले, याला मोठे महत्त्व आहे असे तेव्हापासून मानले जाते. २०२० मध्ये जपानी वृद्धांच्या एका छोट्या अभ्यासात ज्यांच्या पोटात इक्वॉल भरपूर बनते त्यांच्या मेंदूतल्या श्वेतद्रव्यातले व्रण बाकीच्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास आढळले. अल्झायमरशी जोडलेल्या अमिलॉइडमध्ये मात्र काही फरक नव्हता. घोड्याच्या नावाचे ते द्रव्य रक्तवाहिन्यांच्या मार्गाने उपयोगी पडत असेल, ही शक्यता मला सगळ्यांत आशादायक वाटते. पण ते बनणे तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंवर आहे.

लिग्नानचेही तसेच. नेदरलँड्समधल्या २००५ च्या मोजणीत १०० ग्रॅम अळशीत सुमारे ३०० मिलिग्रॅम लिग्नान निघाले, तिळात त्याच्या दहाव्या हिश्शाइतके. बाकी कोणताही नेहमीचा पदार्थ यांच्या जवळपास येत नाही. हे लिग्नान आतड्यातल्या जिवाणूंनी बदलले तरच कामाचे. अळशीतले लिग्नान टरफलात असते, तेलात जवळजवळ उतरत नाही. घाण्यावर ते पेंडीत राहते आणि गुरांना मिळते. जवसाचा पुन्हा यवस, म्हणजे चारा, झाला तो असा. माणसाला ते हवे असेल तर बी कुटूनच खाल्ली पाहिजे, अख्खी गिळली तर तशीच बाहेर पडते. अळशी मंद भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटणाऱ्या बाईने लिग्नान हा शब्द ऐकलेला नसतो, पण तिची कृती बरोबर असते. भाकरीबरोबर चमचाभर चटणी चवीसाठी, पोटासाठी, तिच्यातल्या ओमेगा-३ मेदासाठी खावी. स्मरणशक्तीची हमी म्हणून पुडीवर छापलेली अळशी घेऊ नये. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके मोजले, त्यांत कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण आहे. वनस्पतीतली इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये त्यात नाहीत.

कमी शिक्षण हा त्यातला धोका मला खानदेशाच्या संदर्भात फार बोचतो. लासी-डॅडच्या अंदाजात स्त्रियांत डिमेन्शिया ९ टक्के आहे, पुरुषांत ५.८. बायकांचे इस्ट्रोजेन पन्नाशीत ओसरते म्हणून असे होते, असे म्हणायचा मोह होतो. पण आज ऐंशीत असलेल्या बायकांपैकी कितीजणींना शाळेत घातले होते, हे आधी विचारावे लागते. आणि इथे पुन्हा शब्द आडवे येतात. स्मरणशक्तीची तपासणी म्हणजे बरीचशी शब्दांचीच तपासणी असते: काही शब्द सांगायचे, थोड्या वेळाने परत विचारायचे. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला हिंदीत अशी चाचणी घडवावी लागली, कारण इंग्रजी चाचणी लिहिता-वाचता येणे गृहीत धरत होती. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) भारतीय भाषांसाठी चाचणीसंच तयार केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पाचांत मराठी नव्हती. अहिराणी आणि लेवा गणबोली तर दूरच. ग्रियर्सनने १९०७ मध्ये आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात, मराठीपासून वेगळे, बसवले होते. त्याच्या वर्गीकरणावर वाद घालता येईल, पण पुणेरी मराठीतले प्रश्न शिरपूर-साक्रीच्या आजीला तिच्या भाषेतले वाटणार नाहीत, हे त्यावरूनही कळावे.

खानदेशच्या बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, केळीला केयी. तपासणीत ‘केळी, डोळा, डाळ’ असे तीन शब्द आजीला सांगितले आणि पाच मिनिटांनी ती ‘केयी, डोया, दाय’ म्हणाली, तर तिचे तिन्ही शब्द बरोबर आहेत. समोर बसलेल्याने तिला तीनपैकी तीन गुण द्यायला हवेत.